विकसनशील देशांतील सार्वजनिक व्यवस्थापन सुधारणा : सिद्धांत, कायदा आणि तालुक्याचे कार्यालय
(पातूर तालुक्याच्या संदर्भात एक चिकित्सा)

प्रस्तावना :

२०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने तलाठी या पदाचे नाव बदलून ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे केले. त्याच वर्षी ग्रामसेवक हे ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झाले. अकोला जिल्ह्यातील पातूर तालुक्यात आणि एकूणच वऱ्हाडात सामान्य शेतकरी तलाठ्याला आजही ‘पटवारी’ म्हणतो. म्हणजे शासनाने मागील नाव रद्द करून नवे नाव दिले, तेव्हा लोकांच्या बोलण्यात त्याही आधीचे नाव टिकून होते. ही बाब केवळ भाषिक नाही. प्रशासनातील सुधारणा वरून येते, शासन निर्णयाच्या रूपाने जाहीर होते आणि गावापर्यंत पोहोचताना तिचे नाव उरते. परंतु नागरिक व कार्यालय यांच्यातील व्यवहार बहुतांशी जुन्याच वळणाने चालू राहतो. विकसनशील देशांतील सार्वजनिक व्यवस्थापन सुधारणांविषयी गेल्या तीन-चार दशकांत जो विचार मांडला गेला, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

सुधारणांची चर्चा प्रायः मंत्रालयाच्या किंवा आंतरराष्ट्रीय वित्तसंस्थांच्या पातळीवर होते. प्रस्तुत लेखात ती तालुक्याच्या कार्यालयातून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. महाराष्ट्राने केलेले दोन महत्त्वाचे कायदे, म्हणजे २००५ चा बदल्या व विलंब प्रतिबंध अधिनियम आणि २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम, तसेच २०१७ च्या शेतकरी कर्जमाफीतील ऑनलाइन प्रक्रिया हे या चिकित्सेचे मुख्य आधार आहेत. या सुधारणांनी कार्यालयातील वेळ मोजण्यास आरंभ केला, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु अर्ज ‘परिपूर्ण’ होईपर्यंत नागरिकाचा जो काळ व पैसा खर्च होतो, तो कोणत्याही कायद्याने मोजला नाही. सुधारणांची खरी मर्यादा तेथेच आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

सुधारणाविचाराची पार्श्वभूमी :

मॅक्स वेबर यांनी मांडलेल्या नोकरशाहीच्या आदर्श प्रतिमानात लेखी नियम, पदसोपान, अभिलेख आणि व्यक्तिनिरपेक्षता यांना मध्यवर्ती स्थान होते. १९८० च्या दशकात ब्रिटन, न्यूझीलंड व ऑस्ट्रेलिया या देशांत या प्रतिमानावर टीका होऊ लागली. नोकरशाही नियम पाळते पण फलनिष्पत्ती देत नाही, असा या टीकेचा आशय होता. क्रिस्टोफर हूड यांनी १९९१ मध्ये या नव्या प्रवाहाला ‘नव-सार्वजनिक व्यवस्थापन’ या नावाने ओळख मिळवून दिली. व्यवस्थापकाला स्वातंत्र्य, कामगिरीचे मोजमाप, मोठ्या खात्यांचे लहान घटकांत विभाजन, स्पर्धा आणि कंत्राट ही त्याची प्रमुख सूत्रे होत. ऑस्बोर्न व गेब्लर यांच्या १९९२ च्या ग्रंथामुळे ही सूत्रे जगभर लोकप्रिय झाली. संरचनात्मक समायोजनाच्या कार्यक्रमांबरोबर ती आफ्रिका, आशिया व लॅटिन अमेरिकेतील देशांतही पोहोचली.

या आयातीबद्दल सावध करणारे अभ्यासकही होते. ॲलन शिक यांनी १९९८ मध्ये लिहिलेल्या निबंधाचे शीर्षकच बोलके आहे : बहुतेक विकसनशील देशांनी न्यूझीलंडच्या सुधारणा का करू नयेत. त्यांचा युक्तिवाद असा की, न्यूझीलंडमध्ये करारावर आधारित शासनव्यवस्था उभी राहू शकली, कारण तेथे नियम पाळण्याची परंपरा, विश्वासार्ह हिशेब आणि करार अमलात आणणारी न्यायव्यवस्था अगोदरच होती. जेथे लेखी नियम एक आणि व्यवहार दुसरा अशी स्थिती आहे, तेथे व्यवस्थापकाला मोकळीक दिल्यास स्वैरता वाढण्याचा धोका असतो. म्हणून आधी मूलभूत गोष्टी भक्कम कराव्यात, असे त्यांनी सुचविले.

याच्या बरीच वर्षे आधी, १९६४ मध्ये, फ्रेड रिग्ज यांनी विकसनशील देशांतील प्रशासनाचे जे विश्लेषण केले, ते येथे अधिक उपयोगी पडते. पारंपरिक व आधुनिक या दोन अवस्थांच्या मधल्या समाजाला त्यांनी ‘लोलकीय समाज’ म्हटले आणि त्याची तीन लक्षणे सांगितली : विषमजातीयता, परस्परव्याप्ती आणि औपचारिकतावाद. औपचारिकतावाद म्हणजे विहित नियम व प्रत्यक्ष आचरण यांतील अंतर. अलीकडच्या काळात लँट प्रिचेट, मॅट अँड्र्यूज व मायकेल वूलकॉक यांनी हाच धागा पुढे नेला. यशस्वी देशांच्या संस्थांचे बाह्यरूप उचलायचे आणि कार्यक्षमता मात्र येत नाही, अशा ‘रूपसदृश अनुकरणा’वर त्यांनी बोट ठेवले. या सर्व मांडणीचा समान निष्कर्ष असा की, सुधारणेची कसोटी तिच्या आराखड्यात नसून शेवटच्या कार्यालयातील व्यवहारात असते.

वऱ्हाडातील प्रशासनाचे थर :

पातूर हे अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या मार्गावरील तालुक्याचे ठिकाण आहे. तहसील कार्यालय, पंचायत समिती आणि नगरपरिषद या तिन्ही यंत्रणा येथे आहेत. तालुक्याचा दक्षिणेकडील भाग डोंगराळ असून आलेगाव, चान्नी, सस्ती, विवरा या गावांतील माणसाला सरकारी कामासाठी पातूर, बाळापूर व अकोला अशा तीन ठिकाणी जावे लागते. इंग्रजी अमदानीत हा प्रदेश बाळापूर तालुक्यात मोडत असे.

वऱ्हाडातील प्रशासन एकाच घडणीचे नाही. १८५३ मध्ये निजामाकडून हा प्रांत इंग्रजांच्या व्यवस्थापनाखाली आला. १९०३ मध्ये तो मध्यप्रांताला जोडला गेला. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारच्या १९४८ च्या कायद्याने ‘जनपद सभा’ ही स्थानिक शासनाची वेगळी पद्धत आणली होती. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवर आधारलेल्या १९६१ च्या जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियमाने ती संपुष्टात आणली. महसूल कायद्यातही असेच घडले. १९५४ च्या मध्य प्रदेश जमीन महसूल संहितेची जागा महाराष्ट्राच्या १९६६ च्या संहितेने घेतली आणि १९६२ च्या कायद्याने वंशपरंपरागत पाटीलकीचे महसुली अधिकार संपले.

कायद्यांचे हे थर एकावर एक चढत गेले, परंतु खालचा थर नाहीसा झाला नाही. याचे सर्वांत ठळक उदाहरण जातीच्या प्रमाणपत्राचे आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या मानीव दिनांकांपूर्वीचा पुरावा अर्जदाराने द्यावयाचा असतो. यांपैकी पहिल्या दोन दिनांकांना वऱ्हाड हा त्या वेळच्या मध्य प्रदेशात होता. त्यामुळे पातूरच्या विद्यार्थ्याला आजोबा-पणजोबांच्या काळातील ‘कोतवाल बुका’ची नक्कल, शाळेचा दाखला किंवा हक्कनोंदणीचा उतारा शोधावा लागतो. ही नोंद कोणत्या कार्यालयाच्या अभिलेख कक्षात आहे, हाच पहिला प्रश्न असतो. एकविसाव्या शतकातील ऑनलाइन सेवा अशा रीतीने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील हस्तलिखित नोंदवहीवर उभी आहे. रिग्ज यांनी सांगितलेली विषमजातीयता ती हीच.

कार्यालयाच्या आतील सुधारणा : लखीना पद्धती ते झिरो पेंडन्सी :

महाराष्ट्रातील प्रशासकीय सुधारणांच्या इतिहासात १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात तत्कालीन अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी केलेल्या प्रयोगाला विशेष स्थान आहे. टेबलांची रचना, कामाची विभागणी, नागरिकाला माहिती देणारे फलक आणि मुख्यतः कागदांचे वर्गीकरण यांवर त्यांचा भर होता. निर्णयासाठी प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिक, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाची आणि नष्ट करावयाची अशा सहा गठ्ठ्यांत प्रकरणे लावण्याची ‘सहा गठ्ठा पद्धती’ ही या परंपरेची ओळख ठरली. या प्रयोगाची प्रेरणा परदेशी सिद्धांतातून आलेली नव्हती. कारकुनाच्या टेबलावर कागद का अडतो, या निरीक्षणातून ती आली होती. शिक यांनी ज्या ‘मूलभूत गोष्टीं’चा आग्रह धरला, त्याच हा प्रयोग त्यांच्याही आधी करीत होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

२०१७ पासून पुणे विभागात तत्कालीन विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांच्या पुढाकाराने राबविलेली ‘झिरो पेंडन्सी’ मोहीम याच परंपरेतील होती व पुढे ती राज्यभर नेण्यात आली. २०२५ मध्ये कार्यालयीन सुधारणांचा शंभर दिवसांचा कार्यक्रम झाला. संकेतस्थळ, स्वच्छता, तक्रार निवारण, कार्यालयातील सोयी हे त्यातील काही निकष होते आणि मूल्यमापनाचे काम भारतीय गुणवत्ता परिषदेकडे होते.

या तिन्ही प्रयत्नांचा कालक्रम पाहिला असता एक विसंगती जाणवते. जी पद्धती १९८० च्या दशकात सिद्ध झाली होती, तीच २०१७ मध्ये पुन्हा मोहिमेच्या रूपाने का आणावी लागली ? याचे उत्तर असे की, मोहीम ही व्यक्तीच्या पुढाकारावर चालते. अधिकारी बदलला की अभिलेख कक्षाची शिस्त सैल होते, गठ्ठे पुन्हा एकत्र होतात आणि काही वर्षांनी नव्या नावाने तीच सुधारणा हाती घ्यावी लागते. सुधारणेचे संस्थीकरण न होणे हे विकसनशील देशांतील प्रशासनाचे सर्वसाधारण दुखणे आहे. महाराष्ट्राने त्यावर कायद्याचा उपाय योजला, हे त्याचे वेगळेपण.

बदल्या व विलंब : २००५ चा अधिनियम :

‘महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, २००५’ या लांबलचक नावाच्या कायद्यात दोन स्वतंत्र प्रश्न एकत्र आणले आहेत. अण्णा हजारे यांच्या आंदोलनाची पार्श्वभूमी त्याला होती. हा कायदा १ जुलै २००६ पासून अमलात आला. एका पदावर सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा कार्यकाळ, बदल्या एप्रिल-मे महिन्यांत आणि मुदतपूर्व बदली केवळ लेखी कारणांसह व वरिष्ठ प्राधिकाऱ्याच्या मान्यतेने, ही त्याची एक बाजू. कोणत्याही कर्मचाऱ्याकडे नस्ती सात कामाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ प्रलंबित राहू नये आणि हेतुपुरस्सर विलंब झाल्यास शिस्तभंगाची कारवाई व्हावी, ही दुसरी बाजू. प्रत्येक कार्यालयाने नागरिकांची सनद प्रसिद्ध करावी, असेही त्यात सांगितले आहे.

हे दोन प्रश्न एकत्र आणण्यामागील विचार योग्य होता. ज्याला आपण या खुर्चीवर किती काळ आहोत हे ठाऊक नाही, त्याच्याकडून दीर्घकालीन जबाबदारीची अपेक्षा करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही टी. एस. आर. सुब्रमणियन प्रकरणात ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी सनदी अधिकाऱ्यांना निश्चित कार्यकाळ देण्याविषयी निर्देश दिले. तथापि कायद्याची रचना पाहता दोन दुर्बल दुवे आढळतात. पहिला असा की, अपवादाची तरतूद नियमाइतकीच रुंद आहे. ‘विशेष कारणे’ लेखी नोंदविली की मुदतपूर्व बदली शक्य होते आणि त्या कारणांची पारख बहुधा न्यायाधिकरणात किंवा न्यायालयातच होते.

दुसरा दुवा अधिक मूलभूत आहे. सात दिवसांची मर्यादा एका टेबलाला लागू आहे, तर विलंब अनेकदा दोन टेबलांच्या किंवा दोन कार्यालयांच्या दरम्यान होतो. तलाठ्याने अहवालासाठी मंडळ अधिकाऱ्याकडे, त्याने तहसीलकडे, तहसीलने त्रुटी काढून पुन्हा खाली, असा कागदाचा प्रवास झाला तर प्रत्येकाने आपले सात दिवस पाळूनही नागरिकाचे दोन महिने जाऊ शकतात. आंतरविभागीय प्रकरणांसाठी कायद्यात स्वतंत्र मुदत आहे, हे खरे. परंतु त्रुटी काढून परत पाठविलेला कागद ‘प्रलंबित’ या व्याख्येतून सहज निसटतो. कर्मचारी नियमात राहतो आणि नागरिक रांगेत राहतो.

हक्काची भाषा : २०१५ चा अधिनियम :

मे १९९७ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत प्रतिसादशील प्रशासनाचा कृती आराखडा स्वीकारला गेला आणि देशभर नागरिकांच्या सनदा लावल्या गेल्या. या सनदांना कायद्याचे बळ नव्हते. वीरप्पा मोईली यांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००९ च्या नागरिककेंद्री प्रशासनावरील अहवालात सनदांच्या मर्यादांची चर्चा केली. मध्य प्रदेशने २०१० मध्ये देशातील पहिला लोकसेवा हमी कायदा केला. महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क अधिनियम २८ एप्रिल २०१५ पासून लागू झाला. अधिसूचित सेवा, तिची मुदत, ती देणारा पदनिर्देशित अधिकारी, प्रथम व द्वितीय अपील प्राधिकारी आणि अखेरीस राज्य सेवा हक्क आयोग अशी त्याची उतरंड आहे. पुरेशा कारणाशिवाय सेवा न दिल्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत शास्तीची तरतूद आहे.

‘सनद’ ते ‘हक्क’ हा प्रवास निश्चितच महत्त्वाचा आहे. कार्यालयात विनंती करणारा माणूस या कायद्याने ‘पात्र व्यक्ती’ झाला. परंतु कायद्याची चिकित्सा करता तीन प्रश्न उपस्थित होतात.

पहिला प्रश्न मुदतीच्या आरंभाचा. मुदत मोजली जाते ती सर्व बाबतींत परिपूर्ण अर्ज मिळाल्याच्या दिनांकापासून. अर्ज परिपूर्ण आहे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार मात्र कार्यालयाकडे आहे. आलेगावच्या शेतमजुराच्या मुलीला जातीचे प्रमाणपत्र हवे असेल, तर कोतवाल बुकाची नक्कल, वडिलांचा शाळेचा दाखला, वंशावळीचे प्रतिज्ञापत्र आणि रहिवासाचा पुरावा हे सर्व जमा होईपर्यंत कायद्याचे घड्याळ सुरूच होत नाही. त्यानंतर अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांकडे बाळापूरला जातो आणि पुढे पडताळणीसाठी जिल्हा समितीकडे अकोल्याला. या ‘अर्जपूर्व काळा’त बुडालेली मजुरी, एस.टी.चे भाडे आणि हुकलेली प्रवेशाची मुदत यांची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही. कागदोपत्री सेवा मुदतीत दिली जाते.

दुसरा प्रश्न अपिलाचा. प्रथम अपील प्राधिकारी हा पदनिर्देशित अधिकाऱ्याचाच वरिष्ठ असतो. ज्या कार्यालयाशी उद्या पुन्हा काम पडणार आहे, त्याच्याविरुद्ध त्याच खात्यात दाद मागण्याचे धैर्य तालुक्यातील अल्पभूधारकाला सहसा होत नाही. त्यामुळे अपिलांची अल्प संख्या ही समाधानाची खूण मानणे धोक्याचे आहे. मध्य प्रदेशच्या कायद्यात दंडाची रक्कम अर्जदारास भरपाई म्हणून देण्याची सोय ठेवलेली आहे. महाराष्ट्राच्या कायद्याचा भर अधिकाऱ्याच्या शास्तीवर आहे. अपील करणाऱ्याच्या पदरात काय पडते, हा विचार दुय्यम राहिला.

तिसरा प्रश्न सेवांच्या निवडीचा. दाखले, उतारे, नकला अशा ज्या सेवा मोजता येतात त्या अधिसूचित होतात. पाणंद रस्त्याचा वाद, पीक नुकसानीचा पंचनामा किंवा शाळेतील रिक्त शिक्षकपद या गोष्टी गावाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाच्या असतात. पण त्या ‘सेवा’ या चौकटीत नीट बसत नाहीत. मोजता येते तेच महत्त्वाचे, ही नव-सार्वजनिक व्यवस्थापनाची मर्यादा येथे उतरलेली दिसते.

संगणक आणि कागद : कर्जमाफीचा अनुभव :

पश्चिम विदर्भातील शेतकरी आत्महत्यांमुळे अमरावती विभाग देशाच्या चर्चेत आला. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग यांनी अकोल्यासह विदर्भातील ६ जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. तेव्हापासून या प्रदेशात प्रशासनाची कार्यक्षमता हा केवळ सोयीचा विषय राहिला नाही. मदत वेळेवर पोहोचणे व न पोहोचणे यांत एका कुटुंबाचे भवितव्य असते.

२०१७ मध्ये राज्य शासनाने ‘छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना’ जाहीर केली. सुमारे ३४,००० कोटी रुपये व ८९ लाख शेतकरी असे तिचे घोषित आकारमान होते. पूर्वीच्या कर्जमाफीतील गैरप्रकार टाळण्यासाठी प्रत्येक शेतकऱ्याने आधारसह ऑनलाइन अर्ज करावा, अशी अट घालण्यात आली. हेतू पारदर्शकतेचा होता. प्रत्यक्षात बँकेकडे अगोदरच असलेली माहिती शेतकऱ्याकडून पुन्हा मागितली गेली. अर्ज भरण्यासाठी पती-पत्नींना केंद्रांवर रांगा लावाव्या लागल्या आणि नंतर अर्जातील माहिती व बँकेची माहिती जुळत नाही म्हणून याद्यांची पडताळणी लांबली. ऑक्टोबरमध्ये प्रमाणपत्रांचे वाटप सुरू झाले, तरी अनेकांच्या खात्यावरील कर्ज पुढे दीर्घकाळ कायम राहिले. तंत्रज्ञानाने येथे कार्यालयाचे ओझे हलके केले नाही, ते नागरिकाच्या डोक्यावर ठेवले.

याउलट डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या ‘महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजने’त अर्जच मागविला नाही. बँकांनी याद्या द्याव्यात आणि शेतकऱ्याने केवळ आधार प्रमाणीकरण करावे, अशी रचना होती. दोन्ही योजनांत संगणक तोच, शेतकरी तोच. फरक होता तो माहिती गोळा करण्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाच्या उत्तरात. या दुसऱ्या योजनेतही उणिवा होत्या. नियमित कर्जफेड करणाऱ्यांसाठी घोषित केलेल्या ५०,००० रुपयांपर्यंतच्या प्रोत्साहनाचे वाटप २०२२ मध्ये सुरू झाले. तरीही प्रशासन अनुभवातून शिकू शकते, याचा हा दुर्मीळ व सुस्पष्ट पुरावा आहे.

जुलै २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेच्या प्रारंभी हाच धडा वेगळ्या रीतीने मिळाला. उत्पन्न व अधिवास दाखल्यांसाठी राज्यभर तहसील कार्यालयांत आणि सेतू केंद्रांवर गर्दी उसळली. शासनाने काही दिवसांतच पिवळे व केशरी शिधापत्रिकाधारकांना उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट दिली आणि अधिवासासाठी पर्यायी कागदपत्रे मान्य केली. जो कागद एका निर्णयाने अनावश्यक ठरू शकतो, तो मुळात आवश्यक होता का, हा प्रश्न त्या गर्दीने उभा केला. राजकीय निकड नसलेल्या इतर योजनांत मात्र तो विचारला गेला नाही.

मनुष्यबळ आणि उत्तरदायित्व :

सुधारणांच्या चर्चेत माणसाचा विचार शेवटी येतो. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांहून अधिक पदांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. यातून बेरोजगारी दिसते, तशीच पदे किती मोठ्या संख्येने रिक्त राहू दिली होती हेही दिसते. एका तलाठ्याकडे दोन-तीन साझ्यांचा कार्यभार असेल, तर सात दिवसांचा नियम त्याला न्याय्य वाटणार नाही. ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने ९ संस्थांमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याची व्यवस्था केली होती. विरोधामुळे ती ऑक्टोबरमध्ये रद्द झाली. कंत्राट हे नव-सार्वजनिक व्यवस्थापनाचे आवडते साधन असले, तरी ज्या कामात निर्णयाची कायदेशीर जबाबदारी असते तेथे अकरा महिन्यांचा कर्मचारी कोणाला उत्तरदायी राहील, याचे समाधानकारक उत्तर त्या निर्णयात नव्हते.

उत्तरदायित्वाची दुसरी बाजू लोकप्रतिनिधींची आहे. ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीने स्थानिक संस्थांच्या नियमित निवडणुका बंधनकारक केल्या. असे असता २०२२ नंतर महाराष्ट्रातील बहुतेक जिल्हा परिषदा, पंचायत समित्या व नगरपरिषदा दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती राहिल्या. मे २०२५ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतरच निवडणुकांचा मार्ग मोकळा झाला. पंचायत समितीचा सभापती किंवा नगरसेवक कार्यक्षम असतोच असे नाही. परंतु अडलेल्या कागदासाठी ज्याच्या दारात जाता येते असा तो गावातील एक माणूस असतो. ऑनलाइन तक्रार प्रणाली ही त्याची जागा घेऊ शकत नाही.

आक्षेपांचा विचार :

या चिकित्सेवर असा आक्षेप घेता येईल की, येथे सुधारणांची केवळ काळी बाजू मांडली आहे. तो अंशतः रास्त आहे. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. केवळ उताऱ्यासाठी तलाठ्याची वाट पाहण्याची गरज त्यामुळे उरली नाही, ही साधी गोष्ट नाही. माहिती अधिकाराच्या २००२ च्या राज्य कायद्याने व २००५ च्या केंद्रीय कायद्याने नस्ती पाहण्याचा मार्ग खुला केला. परंतु या यशस्वी उदाहरणांचे स्वरूप पाहिले, तर मूळ प्रतिपादनालाच दुजोरा मिळतो. सातबारा ऑनलाइन यशस्वी झाला, कारण त्यासाठी आधी वर्षानुवर्षे अभिलेखांचे संगणकीकरण व दुरुस्ती केली गेली आणि नागरिकाकडून कोणताही कागद मागितला गेला नाही. जेथे कार्यालयाने स्वतःचे अभिलेख सुधारले तेथे सुधारणा टिकली. जेथे पुरावा गोळा करण्याचे काम नागरिकावर सोपविले तेथे तंत्रज्ञान येऊनही ती अडखळली.

दुसरा आक्षेप असा की, कागदपत्रांची अट शिथिल केल्यास बनावट लाभार्थी वाढतील. ही भीती निराधार नाही. परंतु पडताळणी नको, असे येथे म्हटलेले नाही. ती शासनाने आपल्या एका विभागाची माहिती दुसऱ्या विभागाकडून घेऊन करावी, एवढाच मुद्दा आहे. वडिलांचे वैध जात प्रमाणपत्र शासनाच्याच नोंदीत असताना मुलीला पुन्हा पणजोबांचा पुरावा शोधण्यास पाठविणे ही पडताळणी नव्हे, ती पुनरावृत्ती होय.

निष्कर्ष :

१) विकसनशील देशांतील सुधारणांचे अपयश हे केवळ चुकीच्या प्रतिमानाचे अपयश नसते. महाराष्ट्राची लखीना पद्धती स्थानिक, स्वस्त व परिणामकारक होती. ती टिकली नाही, कारण ती व्यक्तीवर अवलंबून राहिली.

२) २००५ च्या अधिनियमाने टेबलावरील विलंब मोजला, कार्यालयांच्या दरम्यानचा विलंब त्याच्या कक्षेतून निसटला. मुदत ही नस्तीच्या टप्प्यांना नव्हे, तर पहिल्या अर्जापासून अंतिम निर्णयापर्यंतच्या संपूर्ण प्रवासाला लावणे आवश्यक आहे.

३) २०१५ च्या अधिनियमाखालील मुदत अर्ज प्रथम सादर केल्याच्या दिवसापासून मोजली जावी, त्रुटी एकाच वेळी व लेखी कळविण्याचे बंधन असावे आणि शासनाकडे असलेला पुरावा नागरिकाकडून मागू नये.

४) अभिलेख कक्षांची दुरुस्ती, विशेषतः वऱ्हाडातील कोतवाल बुके व जुन्या महसुली नोंदींचे संगणकीकरण, ही दिखाऊ नसलेली परंतु पायाभूत सुधारणा आहे. तिला प्राधान्य मिळाले पाहिजे.

५) रिक्त पदे आणि निवडणुकांविना चाललेल्या स्थानिक संस्था या दोन बाबी सुधारणा कार्यक्रमाबाहेरच्या मानल्या जातात. वस्तुतः त्या त्याच्या केंद्रस्थानी आहेत.

पातूरच्या तहसीलमध्ये येणाऱ्या माणसाला हूड वा शिक यांची नावे ठाऊक असण्याचे कारण नाही. पदाचे नाव तलाठी असो वा ग्राम महसूल अधिकारी, आपले काम किती खेपांत झाले एवढेच तो मोजतो. सार्वजनिक व्यवस्थापनाच्या अभ्यासाने व सुधारणांच्या मूल्यमापनानेही खेपांचे हे माप स्वीकारले, तर कायद्यातील हक्क आणि कार्यालयातील अनुभव यांच्यातील अंतर कमी होण्यास आरंभ होईल.